संप फोडणाऱ्याचं गाव

सुरतेतल्या लिंबायतला आबांच्या खोलीत कोपऱ्यात एक माठ आहे. झाकण काढलं की पाण्यावर बारीक वलयं उठलेली दिसतात. कोणी हात लावलेला नसतो. पलीकडच्या गल्लीत लूमचं खातं आहे, ते दिवसरात्र चालतं, आणि त्याची थरथर जमिनीतून, भिंतीतून माठापर्यंत येते. आबा म्हणतात, पाणी थांबलेलं दिसलं की आमच्या पोटात गोळा येतो. लाइट गेली असेल, नाहीतर मंदी आली असेल.

आबा माझे मोठे मावसभाऊ, अमळनेरकडचे. १९८४ साली, सतरा वर्षांचे असताना, एक पिशवी घेऊन गाडीत बसले. 'पोऱ्या सुरतले गया' एवढं त्या वेळी गावात सांगितलं की पुरत असे. पोरगं कुठल्या शेठकडे, काय कामाला, हे कोणी विचारत नसे. शाळेच्या पुस्तकात आम्हाला सुरत भेटली ती लुटीच्या धड्यात. घरात भेटली ती मनीऑर्डरच्या फॉर्मवर.

एकदा आबांकडे उतरलो असताना सकाळी मी लॅपटॉपवर जॉन सेल्सचा 'मेटवान' बघत होतो. १९८७ चा चित्रपट. वेस्ट व्हर्जिनियातल्या मेटवान या खाणगावी १९२० साली कोळसाकामगारांनी युनियन बांधली, कंपनीने बाल्डविन-फेल्ट्स एजन्सीची हत्यारबंद माणसं आणून त्यांना घराबाहेर काढलं, आणि १९ मे रोजी भर रस्त्यात गोळीबार होऊन दहा माणसं मेली. सात एजन्सीची, दोन कामगार, आणि गावचा महापौर. त्याची ही गोष्ट. आबा रातपाळी करून आले, चहा घेतला, आणि झोपायचं सोडून माझ्या शेजारी बसले. इंग्रजी त्यांना येत नाही. मी भाषांतर करू लागलो तर हाताने थांबवलं. लूमवर चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला ओठ आणि हात वाचता येतात. त्या खटखटाटात दुसरं काही चालतच नाही. अर्ध्या तासात माझ्या लक्षात आलं की मी वाक्यं वाचतोय आणि ते माणसं बघतायत.

एका प्रसंगापाशी मात्र त्यांनी विचारलं, हा काय सांगतोय? खाणीवर नुकत्याच आणलेल्या काळ्या मजुरांपुढे कंपनीचा माणूस हिशेब वाचून दाखवत असतो. गाडीचं भाडं पगारातून कापणार, अवजारं पगारातून, आणि पगार म्हणजे कंपनीची नाणी, जी कंपनीच्याच दुकानात चालतात. मी सांगितलं. आबा हसले. "म्हणजे उचल," म्हणाले. "पण आमच्याकडे शेठ दुकान टाकत नाही. दुकानदार वेगळा, खोलीमालक वेगळा, शेठ वेगळा. तिघांकडे तीन वह्या. भांडायचं तर कोणाशी भांडणार?"

हे वाक्य मला अजून सोडत नाही. मेटवानच्या खाणकामगारांचं घर, दुकान, खाण, बंदूक सगळं एकाच कंपनीच्या हातात होतं, म्हणून तिथे लढाईला तोंड होतं. सुरतेत शोषणाचीही खातेफोड झालेली आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार असले की कारखाना धरत. म्हणून एकाच छपराखालचे लूम कागदावर चार नावांनी वाटले गेले आणि प्रत्येक नावाखाली दहाच्या आतले कारीगर राहिले. कारीगर हाही शब्द बघा. कामगार म्हटलं की हजेरीपट आला, रजा आली, युनियन आली. कारीगराला मीटरमागे पैसे. २०२० च्या कामगार संहितेने ती दहाची मर्यादा वीसवर नेली, म्हणजे वाटणीची तसदीही थोडी वाचली. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा कायदा होता, पण तो कंत्राटदाराने भरती करून आणलेल्यांसाठी. आबांना कोणी आणलं नाही. त्यांना मामाने बोलावलं. कायद्याला मामा दिसत नाही.

पुढे चित्रपटाचा गाभा येतो. संप मोडायला कंपनी दोन टोळ्या आणते, अलाबामाकडचे काळे आणि समुद्रापलीकडून आलेले इटालियन. गावातले गोरे संपकरी त्यांच्यावर तुटून पडतात. जेम्स अर्ल जोन्सने केलेला तो धिप्पाड काळा मजूर, फ्यू क्लोद्स, रंगावरून दिलेली शिवी ऐकून घेतो, पण संप फोडणारा म्हटल्यावर पेटतो. आबांनी इथे दुसरा प्रश्न विचारला.

"आणायच्या आधी यांना सांगितलं होतं का, तिथे संप आहे म्हणून?"

"नाही."

"मग यांचा काय दोष?"

मराठीत 'संपफोड्या' असा शब्द आहे, पण तो वर्तमानपत्रातला. रागात तोंडी येतो तो 'फितूर'. फितूर व्हायला आधी कोणाच्या तरी बाजूचं असावं लागतं, बाजू बदलण्याची जाणीव असावी लागते. आणलेल्या माणसाकडे यातलं काहीच नसतं. तो दुसऱ्याच्या गोष्टीत मधल्याच पानावर येतो, मागची पानं त्याला कोणी वाचून दाखवत नाही.

आबांच्या प्रश्नावर मी गप्प बसलो, कारण त्या क्षणी मला १९८४ हा आकडा वेगळा दिसू लागला. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर संपलाच नाही, विरून गेला. पण देशाने कपडे घालणं थांबवलं नव्हतं. गिरणगावातल्या साच्यांवर धूळ बसत असताना भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी आणि सुरत इथले यंत्रमाग वाढत होते. जून १९८५ च्या कापड धोरणाने त्या वाढीवर सरकारी शिक्का मारला. गणित इतकं सरळ नाही, हे मला कळतं. मुंबईचं सुती कापड मुख्यतः भिवंडी-मालेगावकडे गेलं. सुरतेने केलं ते वेगळंच, तिने बाईच्या अंगावरची सुती साडीच उतरवली आणि पॉलिएस्टरची नेसवली. तरीही लालबागच्या चाळीत कोणी भांडी विकत होतं त्या वर्षी अमळनेरचा एक सतरा वर्षांचा मुलगा उधना स्टेशनवर उतरला आणि तुटलेली तार जोडायला शिकला, या दोन गोष्टींमध्ये एक धागा आहे, आणि तो त्या मुलाच्या हातात होता. त्याला ठाऊक नव्हतं. लालबागवाल्यांनाही तो ठाऊक नव्हता. मेटवानच्या संपकऱ्यांना निदान फ्यू क्लोद्सचा चेहरा दिसला.

हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. जळगावहून सुरतेला येणारी ताप्ती व्हॅलीची लाइन विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पडली. त्या रुळांवरून आधी कापसाच्या गाठी गेल्या, मग माणसं. अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार. मग नवापूर, जिथे प्लॅटफॉर्मचा अर्धा भाग महाराष्ट्रात नि अर्धा गुजरातेत. मग व्यारा, बारडोली. बारडोली म्हटलं की आपल्याला १९२८ चा सत्याग्रह आणि वल्लभभाई आठवतात. धुळ्या-नंदुरबारकडच्या कोयत्यावाल्याला बारडोली म्हणजे साखर कारखाना. यान ब्रेमन हे डच समाजशास्त्रज्ञ साठच्या दशकापासून दक्षिण गुजरातेत फिरत आले, आणि त्यांना एक कोडं पडलं: बारडोलीच्या आसपास हळपती शेतमजूर हाताला काम नाही म्हणून बसलेले असताना ऊस तोडायला माणसं खानदेशातून का आणायची? उत्तर साधं होतं. स्थानिक मजूर संध्याकाळी घरी जातो, घरचं सुखदुःख बघतो, भांडतो. उपरा उसाच्या फडाशेजारीच झोपतो, रात्री गाडी आली की उठतो, हंगाम संपला की निघून जातो. त्याला आणायचं ते तो उपरा आहे म्हणूनच.

म्हणजे आपला कोयता हळपत्यांविरुद्ध वापरला गेला, आपला लूम गिरणगावाविरुद्ध. 'विरुद्ध' हा शब्द लिहिताना मला बरं वाटत नाही, कारण माझ्याच नात्यातली माणसं आहेत ती, भुकेने आलेली. पण त्यांना ठाऊक नव्हतं एवढ्याने शब्द बदलत नाही. आज खात्यात आबांच्या आजूबाजूला ओडिशातल्या गंजामची पोरं आहेत, यूपी-बिहारची आहेत. आबांना ती 'स्वस्तात राबणारी' वाटतात. १९८४ मध्ये आबांकडे बघून कोणाला तरी नेमकं हेच वाटलं असणार.

चित्रपटातला जो केनेहन हा संघटक (क्रिस कूपरची चित्रपटातली पहिली भूमिका) खाणवाल्यांना सांगतो की काळ्यांना आणि परदेशी लोकांना बाहेर ठेवलंत तर ती युनियन नव्हे, क्लब आहे, अशा अर्थाचं. मला लगेच १९२८ चा मुंबईचा संप आठवला. बारडोलीच्या सत्याग्रहाचा तो एकाच सालातला जुळा. त्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे एक अवघड मागणी ठेवली: अस्पृश्य कामगारांना विणकाम खातं खुलं करा. विणकामात पगार जास्त, आणि तिथेच त्यांना मज्जाव, कारण धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे आणि एकाचा ओठ लागलेला धोटा दुसऱ्याला चालत नसे. कामगारांच्या एकजुटीवर भाषणं देणाऱ्यांनी मागणी स्वीकारली ती नाखुशीने. पुढच्या वर्षीच्या संपाला बाबासाहेबांनी विरोध केला. त्यांना संपफोडे म्हणणं तेव्हाही सोपं होतं. माझ्या मते हा प्रसंग 'मेटवान'पेक्षा धारदार आहे, आणि आपण त्यावर एकही धड चित्रपट केलेला नाही. 'लालबाग परळ'मध्ये बंद गिरणीनंतरची घरं दिसतात. गिरणी चालू असताना कोण कुठल्या खात्यात जाऊ शकत नव्हता, ते दिसत नाही.

सेल्सवर माझा एक आक्षेप आहे. हॅस्केल वेक्सलरचं छायाचित्रण इतकं देखणं आहे की अंधारसुद्धा मखमली वाटतो. तंबूंच्या छावणीत एकीकडे डोंगराळ गोऱ्यांचं फिडल, दुसरीकडे इटालियनाचं मँडोलिन, तिसरीकडे काळ्याचा माउथऑर्गन, आणि तिन्ही हळूहळू एका सुरात येतात. डोळ्यांत पाणी येतं, आणि ते काढायचं दिग्दर्शकाने ठरवलेलं असतं. लिंबायतमध्ये श्रावणात आमची कानबाई देवी बसते, रोट होतात, अहिराणी गाणी डीजेवर लागतात. तिथे आमचे ओडिया शेजारी दारात उभे राहून बघतात आणि मग आत जातात. सुरत महापालिका सात माध्यमांच्या शाळा चालवते, मराठी, ओडिया, तेलुगू, उर्दू धरून. ही गोष्ट मला खरोखर अभिमानाची वाटते. पण सात शाळांमधून सुटलेली मुलं एका मैदानावर खेळतात का, हे पाहायला मी दोन संध्याकाळी मिठी खाडीच्या बाजूला उभा राहिलो होतो. खेळतात. आपापल्या टीममध्ये.

राहुल जैनचा 'मशीन्स' हा २०१६ चा माहितीपट याच परिसरातल्या एका कापड कारखान्यात घेतलेला. बॉयलरमध्ये कोळसा ढकलणारे हात त्यात दिसतात. मेटवानहून कोळसा इथपर्यंत येतोच, कारण रंगाई-छपाईला वाफ लागते. शेवटाकडे कामगार कॅमेऱ्याभोवती गोळा होतात आणि विचारतात की तुम्हीही बघून निघून जाणार, आम्ही काय करायचं ते सांगा. कॅमेऱ्यामागून उत्तर येत नाही. मेटवानला गाडीतून जो केनेहन उतरला होता. सुरतेत उतरणारी प्रत्येक गाडी आणखी कारीगर उतरवते.

सुरतेत बंद होतच नाही असं नाही. जुलै २०१७ मध्ये जीएसटीविरुद्ध रिंगरोडचं मार्केट बंद राहिलं, पण तो व्यापाऱ्यांचा बंद. कारीगरांचा खाडा पडला, एवढंच. कारीगर रस्त्यावर आले ते एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत. १० तारखेच्या रात्री लसकाण्याला गाड्या पेटल्या. मागणी होती थकलेल्या पगाराची आणि घरी जाऊ द्या याची. सबंध देशाने बातमी पाहिली, शहर सोडण्यासाठीचा संप म्हणून तिच्याकडे कोणी पाहिलं नाही. आबांच्या माठातलं पाणी त्या महिन्यात अगदी सपाट होतं. "त्यात तोंड दिसायचं," आबा म्हणाले, "मी झाकण ठेवायचो."

चित्रपट संपत आला. रात्री खाणीच्या तोंडाशी, एका बाजूला संपकरी आणि दुसऱ्या बाजूला कंपनीच्या बंदुका, मध्ये काळे नि इटालियन. ते फावडी खाली टाकतात आणि संपकऱ्यांकडे जातात, हा भाग आबांनी मागे घेऊन पुन्हा पाहायला लावला. मग शेवटचा गोळीबार. अहिंसेचं बोलणारा केनेहन त्यात मरतो. एजन्सीपुढे उभा राहिलेला पोलिसप्रमुख सिड हॅटफिल्ड प्रत्यक्षात पुढच्या वर्षी १ ऑगस्टला न्यायालयाच्या पायऱ्यांवर मारला गेला, हे मी आबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यांना ते अपेक्षितच होतं बहुधा.

खालच्या मजल्यावरच्या वहिनी साड्यांचा गठ्ठा घेऊन जिन्यात बसल्या होत्या, धागा कटिंगचं काम. कात्रीचा आवाज वर येत होता. आबांनी सतरंजी अंथरली, उशी थोपटली, आडवे झाले. त्यांना झोप लागली असं समजून मी लॅपटॉप मिटला.

"त्या काळ्या माणसाचं," ते डोळे न उघडता म्हणाले, "गाव नाही दाखवलं."

"दाखवलं नाही."

"दाखवायला पायजे होतं. तिकडे पाऊस किती पडतो, ते तरी."