दारातली परीक्षा

गेल्या वर्षीच्या भाऊबीजेची गोष्ट. आमचे घर गोंदिया जिल्ह्यात, आमगावला. हलका धान कापून झाला होता, भारी धान अजून शेतात उभा होता आणि आसपासच्या गावांतून मंडईचे दिवस सुरू झाले होते. बहीण नागपूरहून आली होती. तिने मला ओवाळले, फराळ झाला आणि आम्ही दोघे ओसरीवर निवांत बसलो. समोर माझी नात मोबाईलवर कसला तरी लढाईचा खेळ खेळत होती. चार जणांची तुकडी करून दुसऱ्या तुकड्यांशी लढायचे, असा तो खेळ. तिचे तीन सोबती कोण, कुठल्या गावचे, हे तिलाही ठाऊक नव्हते. ते तिघे आपसांत मोठमोठ्याने बोलत होते. ही मात्र तोंडातून अक्षर काढीत नव्हती. बहिणीने वाकून पाहिले, तो हिचे खेळातले नाव मुलाचे!

"हे काय गं? तुझं नाव कुठं गेलं?"

नात खेळता खेळताच म्हणाली, "आजी, मुलीचं नाव दिसलं की धड खेळू देत नाहीत. कोणी म्हणतो, पोळ्या लाट जा. कोणी लग्नाचं विचारतो. आणि हरलो, की दोष माझाच. आवाज बंद ठेवला आणि नाव मुलाचं घेतलं, की कटकट नाही."

बहीण क्षणभर थांबली आणि हसून म्हणाली, "बरं आहे बाई तुमचं! आमच्या वेळी नाव बदलायची सोय नव्हती."

ती माझ्याकडे न पाहता बोलली. पण ते वाक्य कोणासाठी होते हे मला कळले. पन्नासांहून अधिक वर्षांपूर्वीची एक दुपार माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

तेव्हा मी बारा वर्षांचा आणि ती दहाची. आमचा मुलूख त्या काळी भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा झाला तो पुढे 1 मे 1999 रोजी. वडील कामानिमित्त रेल्वेने गोंदियाला जात आणि येताना कधीमधी स्टेशनवरून इंद्रजाल कॉमिक्सचा एखादा अंक आणीत. 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या मंडळींनी 1964 साली सुरू केलेली ती रंगीत चित्रांची पुस्तके म्हणजे आम्हा खेड्यातल्या मुलांना खजिनाच वाटे. त्यातला वेताळ तर आमचे दैवत! आमच्या गोठ्याच्या माळ्यावर पाच मुलांचे वेताळ-मंडळ भरत असे. मंडळाजवळ अकरा अंक होते आणि एक बुद्धिबळाचा पट होता, ज्यातला एक हत्ती हरवल्यामुळे तिथे खडा ठेवावा लागे.

एके दिवशी बहीण शिडी चढून वर आली आणि म्हणाली, "भाऊ, मी पण बसू?" वस्तुतः घरात आलेला प्रत्येक अंक माझ्याआधी तीच वाचून काढी. पण आम्ही ठरविले, की तिची परीक्षा घ्यायची. पहिला प्रश्न, सध्याचा वेताळ कितवा? ती म्हणाली, एकविसावा. दुसरा प्रश्न, कवटीची अंगठी कोणत्या हातात? ती म्हणाली, उजव्या. आणि डाव्या हातातली अंगठी रक्षणाच्या खुणेची, कारण तो हात काळजाजवळचा. हे दुसरे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. मग एक जण म्हणाला, "पाठ करून आली असेल. पोरींना वेताळ काय कळणार!" सगळे हसले. मीही हसलो. ती मुकाट्याने शिडी उतरली आणि पुन्हा कधी वर आली नाही.

त्या परीक्षेत एक गोष्ट फार विलक्षण होती. आम्हा पाचांपैकी कोणीच ती कधी दिलेली नव्हती. आणि जिने दिली, ती उत्तीर्ण होऊनही आत आली नाही. उत्तर चुकले असते तर 'हिला काही येत नाही' म्हणून बाहेर. बरोबर आले तर 'हिने पाठ केले' म्हणून बाहेर. जी परीक्षा कोणत्याही उत्तराने पार पडत नाही, तिला परीक्षा का म्हणावे? तो केवळ कुलूप घातलेला दरवाजा होय, आणि त्याला किल्लीच केलेली नाही.

कोणी म्हणेल, पोराटोरांची गोष्ट ती, तिचे एवढे काय! मीही पुष्कळ वर्षे असेच म्हणत आलो. परंतु मोठ्यांची मंडळे पाहिली तर तेथेही शिडी तीच आणि माळाही तोच दिसतो. बुद्धिबळाचेच घ्या. 1929 साली कार्ल्सबाद येथे मोठी स्पर्धा भरली आणि तीत व्हेरा मेंचिक ही एकटीच स्त्री खेळावयास उतरली. व्हिएन्नाच्या आल्बर्ट बेकर या खेळाडूने थट्टा केली, की जो हिच्याकडून हरेल त्याला 'व्हेरा मेंचिक क्लब'चा सभासद करावे. मौज अशी, की त्या क्लबचा पहिला सभासद होण्याचा मान स्वतः बेकरलाच मिळाला! खरे सांगायचे, तर त्या स्पर्धेत मेंचिक शेवटच्या क्रमांकावर राहिली. पण शेवटी राहणारे पुरुष प्रत्येक स्पर्धेत असतात; त्यांच्याकडून हरणाऱ्यांचा क्लब कोणी काढीत नाही.

त्या क्लबात पुढे हॉलंडचा माक्स युवे हाही दाखल झाला. हा साधासुधा गडी नव्हे. 1935 साली तो जगज्जेता झाला. त्याचे नाव पुन्हा आपल्याकडे ऐकू आले ते 1976 साली. 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिन्ही मुली बुद्धिबळात निपुण. त्यांतली रोहिणी त्या वर्षी, अवघ्या तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली आणि गहजब झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेरीस जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या अध्यक्षाने निर्णय दिला, की स्त्री आहे एवढ्या कारणाने कोणालाही राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेतून वगळता येणार नाही. ते अध्यक्ष होते माक्स युवे! पटापलीकडे बसलेल्या स्त्रीकडून हरण्याचा अनुभव त्यांना निर्णय देताना आठवला असेल काय, कोण जाणे.

नियम झाला, खुर्ची मिळाली. मग प्रश्न मिटला का? आमच्या शेजारच्या नागपूरची दिव्या देशमुख 2024 च्या जानेवारीत हॉलंडमधील वाइक आन झे येथे खेळली, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. आपले काही डाव चांगले झाले याचा तिला अभिमान वाटत होता. पण तिच्या कानावर काय आले? प्रेक्षकांचे लक्ष डावाकडे नव्हतेच; ते होते तिच्या कपड्यांकडे, केसांकडे, बोलण्याच्या ढबीकडे. तिने हे जाहीरपणे लिहिले आणि पुरुष खेळाडूंच्या वाट्याला हे फारसे येत नाही, हेही सांगितले. पुढे 2025 च्या जुलैत तिने बातुमी येथे कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. नागपुरात पेढे वाटले गेले. आमगावातही आम्ही आनंद केला. पण मला राहून राहून वाटते, की तिने तो चषक जिंकला नसता तर तिचे दुःख खोटे ठरले असते काय? विजय मिळविल्यावरच ज्या माणसाचे गाऱ्हाणे आपण ऐकतो, त्याची आपण पुन्हा एक परीक्षाच घेतलेली असते.

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. खेळ म्हटला की चिडवाचिडवी आली. मुलगे काय एकमेकांना सोडतात? खरे आहे, सोडीत नाहीत. पण मुलगा वाईट चाल खेळला तर आपण त्याच्या चालीला हसतो. मुलगी वाईट चाल खेळली तर तिच्या जातीला, म्हणजे बाईपणाला हसतो. आणि चांगली खेळली तर तिची वेणी पाहतो. दोन्ही वेळा तिची चाल कोणी पाहिलेलीच नसते. खेळ्याला आणखी काय हवे असते? आपली चाल कोणीतरी पाहावी, एवढेच ना?

मग रसिक माणूस असा का वागतो, याचा मी स्वतःपुरता शोध घेतला. आम्ही पाच जण काही दांडगे नव्हतो. कबड्डीत आम्हाला कोणी घेत नसे, शाळेत आम्ही मार खात असू. तो माळा हे आमचे राज्य होते; तेथे आम्हाला कोणी हसत नसे. बहीण वर आली तेव्हा आम्हाला भीती वाटली, की हेही आता आपले राहणार नाही. ज्यांना बाहेर कोणी घेतले नव्हते, त्यांनीच कोणाला तरी बाहेर ठेवून आपण आत असल्याची खात्री करून घेतली. हे मी समर्थन म्हणून सांगत नाही. पण दुखावलेला माणूस दयाळू होतोच असे नाही, हे मात्र त्यातून मी शिकलो. अशी भीती वाढत गेली म्हणजे तिचे रूप किती उग्र होते, हे 2014 साली अमेरिकेत दिसले. खेळांतील स्त्रियांच्या चित्रणावर टीका करणाऱ्या अनिता सार्कीशियन यांचे युटा येथील विद्यापीठातले भाषण, गोळीबाराची धमकी आल्यामुळे रद्द करावे लागले. कारण काय, तर आमच्या खेळाविषयी ही बाई का बोलते!

'आमच्या.' सगळे विष या एका शब्दात आहे. धान वाटला तर कणगी रिकामी होते, हे शेतकऱ्याच्या घरी जन्मल्यामुळे मला कळते. पण वेताळ आणखी एकीने वाचला म्हणून माझ्या वाट्याचा वेताळ तसूभरही कमी झाला नसता. उलट डाव्या हातातल्या अंगठीचा अर्थ तिनेच आम्हाला सांगितला होता. ज्या वस्तूवर आपण प्रेम करतो तिचे आपण मालक होतो, ही समजूतच मुळात चुकीची आहे. प्रेमाने माणूस फार तर तिचा राखणदार होतो, आणि भले राखणदार येणाऱ्याला पाणी विचारतात.

आमच्याकडच्या दंडारीत पूर्वी बायकांची सोंगे पुरुषच घेत. बाईचे सोंग चाले, बाई चालत नसे. आता माझ्या नातीला खेळायचे तर पुरुषाचे सोंग घ्यावे लागते. काळ बदलला म्हणतात, तो हा असा! न्यायालये आणि संघटना खुर्ची देऊ शकतात. पण 'ये, बैस' हे शब्द आधीपासून बसलेल्यांनाच उच्चारावे लागतात. त्या दुपारी ते मला उच्चारता आले असते. टोमणा मारणारा एकच होता. हसणारे आम्ही चार होतो, आणि त्यातला एक तिचा सख्खा भाऊ होता.

त्या संध्याकाळी मी आतल्या खोलीत गेलो आणि जुन्या पेटीतले अंक काढले. अकरांपैकी सहा उरले होते, दोघांना वाळवी लागलेली. ते मी बहिणीसमोर ठेवले आणि म्हणालो, "ओवाळणीत हे राहून गेलं होतं." तिने चष्मा पुसला, वरचा अंक उघडला आणि बराच वेळ ती चित्रे पाहत राहिली. मग पान झाकून तिने मला विचारले, "सांग बरं भाऊ, कवटीची अंगठी कोणत्या हातात?"

लिहिताना ते मला सहज आठवते आहे, पण त्या क्षणी काही केल्या आठवेना. मी डोके खाजवीत तसाच उभा राहिलो. तिने सतरंजीवर थोडे सरकून जागा केली.

"बस," ती म्हणाली. "उत्तर नाही आलं तरी चालते."