अभ्यास आणि वैराग्य (अध्याय ६, श्लोक ३५)

मन आवरत नाही, या अर्जुनाच्या तक्रारीवर भगवंत दोन उपाय सांगतात: अभ्यास आणि वैराग्य. पण धरायचं की सोडायचं?

आमच्या द्वारकेहून (नाशिकची हो, समुद्राकाठची नव्हे!) सायकल काढून त्र्यंबकजवळच्या खडीच्या चढाला लागलं की उत्तर सापडतं. हँडल आवळलं तर चाक भरकटतं, पॅडल थांबलं तर सायकल आडवी. हात सैल, पाय चालू. दोन्ही एकाच वेळी.

नाशिकच्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन बंधूंनी २०१५ मध्ये रॉकी पर्वत ओलांडणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, सुमारे ४,८०० किमी. दोघांची टीम, म्हणजे भाऊ चालवत असताना आपण सायकल सोडून विश्रांती घ्यायची! मला पॅडल मारण्यापेक्षा हेच अवघड वाटतं.

आज जपाला बसाल तेव्हा माळ किती आवळून धरलीय, तेवढं बघा. उद्या ६.३६.