काम सुटल्यापासून पहिल्या पगारापर्यंत



काम आहे किंवा काम नाही, अशा दोनच अवस्था आपल्याला बाहेरून दिसतात. पण ज्याच्या घरावर ती वेळ येते त्याला ठाऊक असते की या दोहोंच्या मध्ये एक तिसरी अवस्था आहे. जुने काम सुटलेले असते, भत्त्याचा अर्ज केलेला असतो, पण पैसे आलेले नसतात. किंवा नवे काम लागलेले असते, पण पहिला पगार हाती यायला अजून महिना असतो. वाण्याच्या वहीतला आकडा मात्र रोज वाढत जातो.

या मधल्या दिवसांत प्रामाणिक माणसालाही काही प्रश्न छळतात. भत्ता मागण्यात कमीपणा आहे का? नवे काम लागल्यावर तो किती दिवस घ्यावा? पैसे उशिरा आले आणि तोवर आपण कामाला लागलो असलो, तर ते घ्यावेत की नाकारावेत? हे प्रश्न नुसते कचेरीतल्या कागदांचे नाहीत, ते सदसद्विवेकबुद्धीचे आहेत. म्हणून त्यांचा थोडा विचार आपण येथे करू या.

भत्ता म्हणजे भीक नव्हे

रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतला एखादा कामगार डोळ्यांपुढे आणा. त्याचा पगार महिना १८,००० रुपये आहे आणि त्याच्या नावावर ई.एस.आय.चे, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचे कार्ड आहे. जुलै २०१९पासूनच्या दराने त्याच्या पगारातून ०.७५ टक्के, म्हणजे १३५ रुपये दरमहा कापले जातात. मालक आपले ३.२५ टक्के, म्हणजे ५८५ रुपये भरतो. हजारो कामगारांच्या अशाच वर्गणीतून विम्याचा निधी उभा राहतो.

या योजनेमागे दीर्घ विचार आहे. बी. पी. अडारकर यांनी १९४४ साली कामगारांच्या आरोग्य विम्याविषयी अहवाल दिला, १९४८ साली कायदा झाला आणि १९५२च्या फेब्रुवारीत कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. आजारपण, बाळंतपण, कामावरचा अपघात या सर्वांची तिने दखल घेतली. काम सुटणे ही आपत्ती मात्र तिच्या कक्षेत यायला २००५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी १ एप्रिलपासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना लागू झाली. कारखाना बंद पडला किंवा छाटणी झाली, तर कामगाराला ठरावीक काळ भत्ता मिळू लागला. ही मुदत आरंभी सहा महिन्यांची होती. पुढे ती दोन वर्षांपर्यंत वाढली : पहिले वर्ष सरासरी मजुरीच्या ५० टक्के, दुसरे वर्ष २५ टक्के. १ जुलै २०१८ रोजी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. तिच्यात आयुष्यातून एकदा, जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी, सरासरी मजुरीच्या २५ टक्के मदत होती. करोनाच्या संकटात, २४ मार्च २०२०पासून, ती ५० टक्के करण्यात आली.

म्हणजे आपल्या या कामगाराला ५० टक्के दराने दिवसाला सुमारे ३०० रुपये मिळतील, नव्वद दिवसांचे २७,००० रुपये. तेवढ्यात संसार चालत नाही, पण चूल विझत नाही. ही रक्कम कोणाची मेहेरबानी नव्हे. ज्या दिवशी हात कामात होते त्या दिवशी बाजूला काढलेला तो घास आहे.

ख्रिस्तसभेची शिकवणही हेच सांगते. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली मानवी श्रमावर लिहिलेल्या परिपत्रकात बेकारांच्या निर्वाहाची तरतूद हे समाजाचे कर्तव्य मानले आहे. पृथ्वीवरील साधनसंपत्ती सर्वांसाठी आहे आणि प्रत्येकाला जगण्याचा हक्क आहे, असा त्याचा आधार आहे. तेव्हा घरातल्या कर्त्या पुरुषाने किंवा बाईने असा अर्ज करताना मान खाली घालण्याचे कारण नाही. लाजेपोटी अर्ज न करणे हे काही सद्गुणाचे लक्षण नव्हे. त्यात कधी कधी मुलांच्या ताटातला हक्क आपल्या मानापायी सोडून देणे असते.

कामावर रुजू झाल्यानंतर

पण जो निधी हक्काचा आहे तो सर्वांचा आहे, आणि अवघड प्रश्न येथेच सुरू होतो. समजा, चाळिसाव्या दिवशी या कामगाराला दुसरीकडे काम लागले. नियमाप्रमाणे मदत फक्त बेकारीच्या दिवसांची, म्हणजे ती तेथेच थांबली. पण नव्या ठिकाणचा पगार पुढच्या महिन्यात व्हायचा आहे. नियम रुजू झालेली तारीख पाहतो, पोटाला ती तारीख कळत नाही. मग हे रुजू होणे महिनाभर कळवलेच नाही तर काय बिघडले?

आम्हाला वाटते, बिघडते. ते दिवस कामाचे आहेत. त्यांची मजुरी ठरलेली आहे, फक्त ती यायची आहे. त्याच दिवसांचे पैसे बेकारीच्या नावावर घेणे म्हणजे एका दिवसाचे दोनदा मोल घेणे होय. ज्या खिशातून ते येतात तो शेजारच्या यंत्रावर उभ्या असलेल्या सोबत्याचा खिसा आहे. शिवाय प्रत्येक लपवाछपवीचा दंड पुढच्या खऱ्या गरजूला भरावा लागतो. अटल योजनेत आरंभी अर्ज जुन्या मालकामार्फत न्यावा लागे आणि सोबत प्रतिज्ञापत्र जोडावे लागे. अर्जासाठी ९० दिवस थांबावेही लागे. २०२०मध्ये हा काळ ३० दिवसांवर आला, कामगाराला स्वतः अर्ज करण्याची मुभा मिळाली आणि प्रतिज्ञापत्राची अटही गेली. संशय कमी झाला तेव्हा वाट सोपी झाली. ती पुन्हा अवघड होऊ नये ही जबाबदारी भत्ता घेणाऱ्यावरही आहे.

याउलट, पैसे कामाला लागल्यानंतर आले, पण ते आधीच्या बेकार दिवसांचे असले, तर ते घेण्यात तिळमात्रही दोष नाही. ते उशिरा आले म्हणून परके होत नाहीत. त्या दिवसांत ज्याच्याकडून उसने घेतले त्याचे ते देणे आहे. काही सरळ माणसे अशा वेळी ‘आता मला काम आहे, ते पैसे कशाला?’ म्हणून अर्जाचा पाठपुरावा सोडून देतात. त्यांचा सरळपणा वंदनीय आहे, पण हिशेब चुकीचा आहे.

आणि उपाशी दिवसांत कोणी चार दिवस मिळेल ते काम केले तर? अर्ज करून तीन महिने झाले, पैशांचा पत्ता नाही, आणि माणूस पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला गेला. संत थॉमस अक्विनास यांनी सांगून ठेवले आहे की पराकोटीच्या निकडीत जगण्यापुरते घेणे ही चोरी ठरत नाही. जो स्वतःच्या घामाचे चार दिवस कमावतो त्याला तर आपण चोर म्हणूच शकत नाही. मात्र ते चार दिवस अर्जात सांगावेत असेच आमचे म्हणणे आहे. निकड माणसाला क्षमा मिळवून देते, खोट्याची सवय मात्र निकड संपल्यावरही राहते.

उशीर हेही पाप आहे

इथवर आपण कामगाराच्याच विवेकाची झडती घेतली. ती येथेच थांबवली तर मोठा अन्याय होईल. कारण या व्यवहारात आणखी दोन पक्ष आहेत.

एक मालक. राजीव गांधी योजनेत स्वतःहून काम सोडणाऱ्याला भत्ता मिळत नाही. अशा वेळी छाटणी करायची आणि कागदावर मात्र कामगाराकडून राजीनामा लिहून घ्यायचा, ही एका सहीत केलेली दुहेरी लूट आहे. नुकसानभरपाई तर बुडतेच, पुढचा भत्ताही बुडतो. म्हणून कागद वाचल्याशिवाय सही करू नका, असे आपल्या मुलांना जरूर सांगावे. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत, छाटणी झालेल्या कामगारामागे १५ दिवसांच्या मजुरीइतकी रक्कम मालकाने पुनर्कौशल्य निधीत भरावी आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जावी, अशी तरतूद आहे. पण छाटणीच ‘राजीनामा’ झाली तर ही तरतूद कोणाच्या उपयोगाची?

दुसरा पक्ष कचेरी. अर्जावर बसून राहणाऱ्याने काही चोरले असे कोणी म्हणत नाही. त्याने फक्त कागद पुढे सरकवला नाही. पण त्या काळात घरातील मंगळसूत्र सावकाराकडे गेले असेल, तर त्याचे व्याज कोणी भरावे? २००५च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याखाली मजुरी उशिरा मिळाल्यास भरपाई ठरवलेली होती : दिवसाला ०.०५ टक्के. हजार रुपये अडकले तर दिवसाला पन्नास पैसे! गरिबाच्या थांबण्याचे मोल आपण किती लावतो ते यावरून दिसते.

प्रभू येशूने सांगितलेला द्राक्षमळ्याचा दृष्टांत आपण सर्वांना पाठ आहे. शेवटच्या तासाला आलेल्यालाही पूर्ण मजुरी मिळाली, त्या धन्याच्या औदार्यावर आपण अनेक प्रवचने ऐकली. पण त्यातील एका साध्या गोष्टीकडे आपले लक्ष जात नाही : संध्याकाळ होताच त्याने मजुरी चुकती केली. मोशेच्या नियमशास्त्रात मजुराची मजुरी रात्रभर स्वतःजवळ ठेवू नये अशी आज्ञा आहे. रक्कम पूर्ण द्यावी हा जसा न्याय, तशी ती वेळेवर द्यावी हाही न्यायच. भत्ता खोटेपणाने घेणे आणि खरा भत्ता अडवून ठेवणे ही एकाच अपराधाची दोन रूपे आहेत. पहिल्याला आपण लगेच नाव ठेवतो, दुसऱ्याला ‘सरकारी काम’ म्हणून सोडून देतो.

ज्यांच्याकडे कार्डच नाही

दिवा–रोहा गाडी हमरापूर, पेण, नागोठणे करीत जाते. त्या वाटेवर राहणाऱ्या किती जणांच्या नावावर विमा असेल? हमरापूर, जोहे आणि पेणच्या गणपती कारखान्यांतील रोजंदारीवरचे हात काम थांबले की त्याच दिवशी रिकामे होतात. २०२०मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पीओपीच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि २०२५च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडविण्यास मोकळीक देईपर्यंत अनेकांचे वर्ष टांगणीला लागले. नद्या स्वच्छ राहाव्यात ही मागणी योग्यच आहे. पण त्या स्वच्छतेची किंमत रोजंदारीवाल्याने एकट्याने का मोजावी? आणि पेण, रोहे, सुधागडच्या वाड्यांतील कातकरी बांधव तर पावसाळा संपला की उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. त्यांच्या बेकारीचा अर्ज कोण लिहिणार?

महाराष्ट्राने या प्रश्नाला फार पूर्वी हात घातला होता. १९७७च्या आपल्या रोजगार हमी कायद्यात, काम देता आले नाही तर दिवसाला एक रुपया भत्ता होता. रक्कम लहान होती, पण तत्त्व मोठे होते : काम देऊ न शकणारे सरकार देणेकरी ठरते. या योजनेसाठी १९७५पासून शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला गेला, म्हणजे एकाच्या नोकरीतून दुसऱ्याच्या बेकारीचा भार उचलला गेला. पुढे २००५च्या केंद्रीय कायद्यानेही मागणीपासून १५ दिवसांत काम न मिळाल्यास भत्ता ठरवला : पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश, नंतर किमान अर्धा. मात्र काम मागितल्याची तारखेची पोच हाती नसली तर तो हक्क सिद्ध करणे कठीण. २०२५च्या डिसेंबरात संसदेने त्याच्या जागी वर्षाला १२५ दिवसांच्या कामाची हमी देणारा नवा कायदा संमत केला. कायदे बदलतात. पोच मागण्याची गरज बदलत नाही.

आपण काय करू शकतो?

धर्मग्राम म्हणून आपल्या हाती काही साध्या गोष्टी आहेत. ज्याला अर्ज भरता येतो त्याने ज्याला येत नाही त्याच्याबरोबर तासभर बसावे. कचेरीत जाताना सोबत जावे, कारण दोघे असले की माणूस रिकाम्या हाताने लवकर परत पाठविला जात नाही. अर्जाची पोच, बँकेचे पुस्तक आणि काम सुटल्याचा कागद एकत्र जपून ठेवण्याची आठवण करावी. आपल्यापैकी जे कोणाला कामावर ठेवतात, मग दुकानात असो वा घरकामाला, त्यांनी नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात थोडी उचल विचारावी. त्याला ती मागायला लावू नये. आणि जे कचेरीत खुर्चीवर बसतात त्यांनी टेबलावरच्या प्रत्येक अर्जामागे एक चूल आहे हे लक्षात ठेवावे.

काम सुटलेल्या माणसाला आपण ‘काही लागले का?’ असे विचारतो. त्याला त्या प्रश्नाचा कंटाळा आलेला असतो. त्याऐवजी ‘अर्जाचे काय झाले? मी येऊ का बरोबर?’ असे विचारून पाहावे. बेकार बांधवाकडून खरेपणाची अपेक्षा करण्याचा हक्क आपल्याला आहे. पण त्याच्या थांबण्याच्या दिवसांत आपण त्याच्याबरोबर थांबलो, तरच तो हक्क आपल्याला शोभेल.