खूण उरली नाही म्हणून...

नॉर्फकच्या किनाऱ्यावर हॅपिसबर्ग नावाचे खेडे आहे. इथले लोक त्याला 'हेझब्रो' म्हणतात. मे २०१३ मध्ये लाटांनी तिथली वाळू वाहून नेली आणि खालच्या घट्ट गाळावर माणसांच्या पाऊलखुणा उघड्या पडल्या. सुमारे साडेआठ ते साडेनऊ लाख वर्षांपूर्वीच्या! नदीमुखाच्या ओल्या चिखलात त्या उमटल्या, वर लवकरच गाळ साचला, म्हणून टिकल्या. दोन आठवड्यांत समुद्राने त्या पुसूनही टाकल्या. संशोधकांनी घेतलेली छायाचित्रे आणि मोजमापे तेवढी राहिली.

त्या माणसांची हाडे तिथे सापडलेली नाहीत. गारगोटीची हत्यारे सापडली, पण सोबत लहान मुलेही होती हे कळले ते पावलांमुळेच. ती सारी थोड्या कोरड्या जमिनीवरून गेली असती तर? मुलांची खूण उरली नसती. म्हणून ती मुले नव्हतीच, असे झाले असते का? गाळ कोणाची योग्यता पाहत नाही. जे वेळेवर झाकले जाते ते उरते, इतकेच.

आपण मात्र पुराव्यावरून माणसांचे मोल ठरवतो. आपल्या वंशावळींत पणजोबा असतात, पणजी बहुधा नसते. घर आणि भाषा तर तिनेच पुढे पोचवली. गाळाला निवड करता येत नाही, आपल्याला येते. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ती नावे लिहून ठेवणे मला कर्तव्य वाटते. जे नाव मिळणारच नाही, त्याची जागा निदान रिकामी ठेवावी. मुलांना कळेल, इथे कोणीतरी होते.