न्याहारीतील अंडे आणि पंक्तीतील पान

अंडे आरोग्यास हितकर की अपायकारक, आणि आपणांसारख्यांच्या न्याहारीत त्यास स्थान असावे की नसावे, हा प्रश्न आता आमच्या समाजातील बहुतेक घरांच्या उंबऱ्याशी येऊन ठेपला आहे. डॉक्टर अशक्त सुनेस अंडे सुचवितात, तालमीत जाणारा मुलगा ते आपण होऊन मागतो, आणि घरातील वडीलधारी मंडळी त्यासाठी निराळे भांडे व निराळी शेगडी यांची चिंता वाहू लागतात. भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या संदेशांनी तर या गोंधळात भरच घातली आहे. सकाळी आलेला संदेश अंड्यास विष ठरवितो, तर दुपारचा त्याच अंड्यास अमृताची उपमा देतो. आमच्या मते या वादात दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. शरीरास काय मानवते हा एक, आणि आपण काय खावयाचे नाही असे ठरविले आहे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर वैद्यकाने द्यावयाचे. दुसऱ्याचे, ज्याचे व्रत त्याने. एकाचे उत्तर दुसऱ्याच्या तोंडी घातले की असत्यास आरंभ होतो.

प्रथम शरीराचा विचार करू. एका साधारण अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने, ५ ग्रॅम स्निग्धांश आणि ७० ते ७५ कॅलरी असतात. पांढऱ्या भागात पाणी व प्रथिने. पिवळ्या बलकात स्निग्धांश, अ व ड जीवनसत्त्वे, कोलीन आणि सुमारे १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल. तंतू व क जीवनसत्त्व त्यात नाहीत; म्हणून त्यास पूर्णान्न म्हणणे ही अतिशयोक्तीच होय. कोलेस्टेरॉलविषयीच्या भीतीचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १९१३ मध्ये अनिच्कोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने सशांस कोलेस्टेरॉल खाऊ घातले व त्यांच्या धमन्या बिघडल्याचे दाखविले. ससा हा पाला खाणारा प्राणी. मनुष्याचे यकृत स्वतःच कोलेस्टेरॉल तयार करते आणि आहारातून अधिक आल्यास बहुतेकांच्या बाबतीत आपले उत्पादन काहीसे आवरते. तरीही १९६८ मध्ये अमेरिकेतील हृदयविकारविषयक संघटनेने आठवड्यास तीनांहून अधिक बलक खाऊ नयेत असा सल्ला दिला, आणि तो पुढे कित्येक वर्षे जगभर प्रमाण मानला गेला. २०१५ मध्ये अमेरिकी आहार-मार्गदर्शिकेतून दररोज ३०० मिलिग्रॅमची मर्यादा वगळण्यात आली. २०१९ मध्ये त्याच संघटनेने निरोगी माणसास दिवसाला एक अंडे चालेल असे म्हटले. त्याच वर्षी अमेरिकेतील सुमारे तीस हजार लोकांच्या पाहणीत अधिक अंडी व हृदयविकार यांचा संबंध आढळला, तर २०२० मधील दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात दिवसाला एका अंड्यापर्यंत तसा संबंध दिसला नाही. मधुमेही आणि ज्यांच्या रक्तात आनुवंशिक कारणाने कोलेस्टेरॉल वाढते, त्यांनी डॉक्टरांस विचारूनच ठरवावे; कच्चे वा अर्धेकच्चे अंडे मात्र कोणीही खाऊ नये, कारण त्यातून साल्मोनेला जंतूंची बाधा होते.

एवढ्यावरून निष्कर्ष काय? निरोगी मनुष्याने दिवसाला एक अंडे खाल्ले तर त्याच्या प्रकृतीस धोका आहे असे आज म्हणता येत नाही. आणि खाल्ले नाही, तर त्याचे काही अडते असेही नाही. मूठभर शेंगदाणे, पेलाभर दूध किंवा मोड आलेली मटकी यांतून तेवढी प्रथिने सहज मिळतात. अडचण आहे ती ब-१२ जीवनसत्त्वाची. ते वनस्पतींत नसते. दूध-दही भरपूर घेणाऱ्यास त्याची उणीव सहसा भासत नाही. परंतु चहात घातलेल्या चमचाभर दुधावर आपण शाकाहारी असल्याचे समाधान मानणाऱ्या गृहस्थाने आपले रक्त एकदा तपासून घ्यावे हे बरे.

येथे आमच्या न्याहारीविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण अंड्यावर वाद घालताना ताटातल्या इतर जिनसांकडे आपले लक्षच जात नाही. पोह्यांच्या बशीत मुख्यत्वे पिष्टच असते. त्यात शेंगदाणे, मटार घातले, बाजूला वाटीभर दही घेतले, तर ती न्याहारी उत्तम. इंदुरात पोह्यांच्या जोडीस जिलबी येते, बडोद्यास फाफड्याबरोबर जिलबी येते. या जोड्या जिभेस कितीही प्रिय असोत, रोजच्या रोज त्या पोटात गेल्यास अंड्याहून अधिक उपद्रव करतील. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट; खिचडीची अब्रू राखतात ते शेंगदाणे. (उपवासाच्या दिवशी आपण एरवीपेक्षा जड खातो, हे आम्हांस कोणी नव्याने सांगावयास नको.) याउलट ज्वारीची भाकरी, चटणी व दही, गोव्याकडील उकड्या तांदळाची पेज, भाजणीचे थालीपीठ ही जुनी न्याहारी आजच्या आहारशास्त्राच्या कसोटीसही पुष्कळ अंशी उतरते. तेव्हा नुसते ‘अंडे बरे की वाईट’ असे विचारून भागत नाही. ते कशाच्या जागी येते हे पाहावे लागते. लोणी फासलेल्या मैद्याच्या पावाबरोबर तळलेले अंडे निराळे, आणि जिलबीच्या जागी आलेले उकडलेले अंडे निराळे.

न्याहारीविषयीच्या आपल्या पुष्कळशा समजुती वैद्यांनी नव्हे, तर दुकानदारांनी घडविल्या आहेत. कॉर्नफ्लेक्सचा जन्म १८९४ च्या सुमारास अमेरिकेतील बॅटल क्रीक येथील आरोग्यधामात झाला. तेथील डॉ. केलॉग हे कट्टर शाकाहारी. सौम्य आहाराने मनही सौम्य राहते अशी त्यांची श्रद्धा होती. पुढे त्यांच्या धाकट्या भावाने त्यात साखर घातली व धंदा वाढविला. त्याच देशात १९२० च्या दशकात डुकराच्या मांसाचा खप वाढावा म्हणून एडवर्ड बर्नेज या जाहिराततज्ज्ञाने हजारो डॉक्टरांकडून ‘भरपेट न्याहारी चांगली’ असे मत मिळविले आणि मांस व अंडी हीच ती न्याहारी असे लोकांच्या मनावर ठसविले. आमच्याकडेही १९८२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीच्या जाहिरातीने रविवार असो वा सोमवार, अंडी रोज खावीत असा घोष घरोघर पोहोचविला. नेमका सोमवारच निवडावा, याचे शिवभक्तांस हसू आल्यावाचून राहत नाही!

आता दुसरा प्रश्न. गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार सांगितले आहेत, परंतु तेथे अंड्याचे नाव नाही. आयुष्य, बल, आरोग्य व प्रसन्नता वाढविणारा तो सात्त्विक. अति तिखट, अति खारट, अति उष्ण तो राजस. शिळा, नासलेला, उष्टा तो तामस. या कसोटीने पाहिल्यास आमच्या पुष्कळशा ‘शुद्ध शाकाहारी’ फरसाणाची वर्णी कोठे लागेल, हे वाचकांनीच ठरवावे. छांदोग्य उपनिषदात आहाराच्या शुद्धीने अंतःकरणाची शुद्धी होते असे सांगितले आहे. त्यावर भाष्य करताना शंकराचार्यांनी आहार या शब्दाचा अर्थ केवळ अन्न असा न घेता, इंद्रियांच्या द्वारे आपण जे जे विषय आत घेतो ते सर्व, असा केला. रामानुजांच्या परंपरेने तो शब्द अन्नापुरता घेऊन अन्नाच्या दोषांची चिकित्सा केली. दोन्ही अर्थ आदरणीय आहेत. परंतु शेजाऱ्याच्या ताटाकडे द्वेषाने पाहणारा डोळा कोणता आहार आत घेत आहे, हा विचार पहिल्या अर्थावाचून सुचत नाही.

मग नियम कोठून येतो? याचे सर्वांत स्वच्छ उत्तर आम्हांस गांधीजींच्या आत्मकथेत मिळते. विलायतेस जाताना त्यांनी मातेजवळ मांस न खाण्याची प्रतिज्ञा केली होती. तेथे अंडे हे मांस नव्हे असे प्रतिपादणारे भेटले, आणि काही दिवस गांधीजींनी अंडी खाल्लीही. पुढे त्यांच्या ध्यानात आले की, प्रतिज्ञेतील शब्दाचा अर्थ शास्त्रज्ञाने किंवा मित्राने ठरवावयाचा नसून, ज्या मातेने ती प्रतिज्ञा घेवविली तिच्या मनातील अर्थ तोच खरा. आणि तिच्या दृष्टीने अंडे हे मांसातच जमा होते. त्यांनी अंडी सोडली. याच गांधीजींनी १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान महालात बंदिवासात असताना लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तकात असे नमूद केले की, जे अंडे फलित नाही त्यातून पिल्लू निघत नाही, म्हणून दूध पिणाऱ्यास त्याचा निषेध करण्याचे कारण उरत नाही. वरवर पाहता येथे विसंगती आहे. परंतु पहिली गोष्ट स्वतःच्या शब्दास जागण्याची, दुसरी वस्तूच्या स्वरूपाची. बाजारातील अंडी आज बहुतांशी अफलितच असतात. म्हणून आमच्या घरातील आजीचा नियम मोडीत निघत नाही, आणि तो टिकविण्यासाठी अंड्यात विष असल्याची कथा रचण्याचीही आवश्यकता नाही. ‘आम्ही खात नाही’ एवढे वाक्य पुरेसे आहे. त्यास प्रयोगशाळेचा टेकू लागू लागला की, उद्या प्रयोगशाळेचे मत पालटताच व्रतही कोसळते.

अहिंसेच्या दृष्टीने मात्र आज निराळाच प्रश्न उभा आहे. अंड्यात जीव आहे की नाही याचा खल आपण करीत बसतो. पण जिच्या पोटी ते येते त्या कोंबडीचे काय? मोठ्या कारखानेवजा कुक्कुटपालन केंद्रांत तिला वहीच्या एका मोठ्या पानाएवढीही जागा मिळत नाही, पंख पसरता येत नाहीत, आणि अंडी न देणारी नर पिल्ले जन्मतःच मारली जातात. अंडी न खाण्याचे कारण सांगावयाचे झाल्यास हे कारण बलवान आहे. परंतु ते सांगणाऱ्याने आपल्या दुधाच्या पिशवीमागील नर वासरांचे काय होते याचीही चौकशी केली पाहिजे. हा युक्तिवाद दुधाच्या भांड्यापाशी येऊन थांबत नाही.

येथवर प्रश्न आपल्या घरातला होता. तो घराबाहेर पडतो तेव्हा त्याचे स्वरूप अधिक गंभीर होते. कर्नाटक सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये काही जिल्ह्यांतील शाळकरी मुलांस मध्यान्ह भोजनात अंडी देण्यास आरंभ केला; पुढे ती योजना बेळगावसह सर्व जिल्ह्यांत आली, आणि २०२४ मध्ये अझीम प्रेमजी प्रतिष्ठानच्या साहाय्याने आठवड्याचे सहाही शाळेचे दिवस अंडी देण्याचे ठरले. जे अंडे खात नाहीत त्यांस केळे मिळते. आरंभी काही मठाधिपतींनी या योजनेस विरोध केला. मध्य प्रदेशात २०१५ मध्ये अंगणवाड्यांत अंडी देण्याचा प्रस्ताव तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी नाकारला होता. महाराष्ट्रात २०२३ च्या अखेरीस शाळांतून अंडी देण्यास सुरुवात झाली, आणि २०२५ च्या आरंभी त्यासाठीचा सरकारी निधी बंद झाला. तामिळनाडूत मात्र १९८९ पासून शाळेच्या जेवणात अंडे आहे.

गांधीजींच्याच चरित्रातील आणखी एक प्रसंग येथे आठवतो. १९०२ मध्ये मुंबईत त्यांचा दहा वर्षांचा मुलगा मणिलाल विषमज्वराने अत्यवस्थ होता. पारशी डॉक्टरांनी अंडी व कोंबडीचा रस्सा देण्यास सांगितले. गांधीजींनी नकार दिला. पण त्यापूर्वी मुलास सर्व समजावून सांगितले, त्याचे मत विचारले, स्वतः रात्रंदिवस शुश्रूषा केली, आणि मुलगा बरा झाल्यावरही तो नेमका कशाने बरा झाला हे कोण सांगू शकेल, असेच लिहिले. या निर्णयाशी आमच्यापैकी कित्येकांचे मतभेद असू शकतील. परंतु त्यात एक गोष्ट निर्विवाद आहे: त्यांनी आपल्या व्रताची कसोटी आपल्याच मुलाच्या अंथरुणाशी लावून घेतली. ज्यांच्या घरी दूध, तूप, बदाम यांस तोटा नाही, त्यांनी आपल्या व्रताची कसोटी मजुराच्या मुलाच्या ताटावर लावणे यास कोणते नाव द्यावे? ज्याच्या घरी अंडे निषिद्ध नाही, आणि ज्यास दुपारी शाळेत मिळते तेच दिवसातले सर्वांत पौष्टिक अन्न आहे, त्याचे अंडे आमच्या सोवळ्यासाठी काढून घेण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

एकाच्या पानात अंडे व दुसऱ्याच्या पानात केळे हा पंक्तिप्रपंच होतो, असा एक आक्षेप घेतला जातो. पंक्तिप्रपंचाचा आम्हांसही तिटकारा आहे. परंतु एकादशी असलेल्यास फराळ व इतरांस भात वाढल्याने पंगत बाटत नाही. वाढणाऱ्याचा हात एकास झुकते माप देतो तेव्हा ती बाटते. या दृष्टीने पाहिल्यास आजच्या योजनेतील अन्याय उलट बाजूस आहे. अंड्यात ६ ग्रॅम प्रथिने आहेत, तर केळ्यात जेमतेम १ ग्रॅम. २०१३ पासून कर्नाटकातील शाळांत दूध देण्याची योजना आहे हे खरे. पण ते अंडे खाणाऱ्या मुलासही मिळतेच. म्हणजे व्रत पाळणाऱ्या गरीब मुलास त्याच्या व्रताबद्दल दंड होतो.

ज्या संस्थांस या विषयाची कळकळ आहे त्यांनी निवेदन द्यावयाचेच असेल, तर ते अंडी बंद करा असे नसावे. केळ्याबरोबर मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा वाटीभर उकडलेले हरभरे द्या, असे असावे. सरकारी कारभार मंद चालतो. तोपर्यंत आमच्या देवस्थानांच्या कोठीतून जवळच्या एकेका शाळेस दरमहा शेंगदाण्याचे एक पोते जाऊ शकेल. एका मुलास रोज ३० ग्रॅम धरले, तर शंभर मुलांस दिवसाला ३ किलो पुरतात.