अज्ञानी कोणाला म्हणावे

कळमनुरी तालुक्यातल्या एखाद्या गावचा सातबारा पाहिला, तर वारसाच्या नावापुढे कधीकधी ‘अ.पा.क.’ ही अक्षरे दिसतात. अज्ञान पालनकर्ता, म्हणजे वारस अठरा वर्षांच्या आतला असून पुढे नाव आहे ते त्याच्या पालकाचे. मूल वर्गात पहिले येत असले तरी महसुली दप्तरात ते अज्ञानच. अठरावे वर्ष पुरे झाले, की वयाचा दाखला जोडून तलाठ्याकडे अर्ज द्यायचा आणि सज्ञान व्हायचे. हे अज्ञान वयाचे आहे, त्यात कमीपणा कसलाच नाही. ‘अजाण’ म्हणतानाही बोलणाऱ्याच्या मनात माया असते. ‘अडाणी’ला मात्र शाळा न शिकल्याचा टोमणा चिकटतो आणि ‘अंगठेबहाद्दर’ तर उघड चेष्टाच. धर्मविचारातला ‘अज्ञानी’ या सगळ्यांहून वेगळा आहे. तो पढलेलाही असू शकतो. किंबहुना संतांचा रोख बहुतेकदा पढलेल्यावरच असतो.

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची व्याख्या केली आहे, ती माहितीने नव्हे, वागणुकीने. मानाची हाव नसणे हे तिथले पहिले लक्षण, दंभ नसणे हे दुसरे. अशी लक्षणे सांगून झाल्यावर, याहून उलटे ते अज्ञान, एवढेच म्हणून गीता पुढे जाते. ज्ञानेश्वर तिथे थांबतात. एकेक लक्षण उलटे करून ते अज्ञानी माणसाचे चित्र ओव्यांमागून ओव्या रंगवतात. नाना शास्त्रे जाणणारा, पण अध्यात्माचा गंध नसलेला पंडित त्यांना मोरासारखा वाटतो: पिसाऱ्यावर डोळेच डोळे, पाहणारी दृष्टी तेवढी नाही. आज एका देवाची पूजा, उद्या दुसऱ्याचे नवस, अशी देवांची फेरी करणाराही त्यांच्या लेखी अज्ञानीच.

मग एकाच देवाला घट्ट धरणाऱ्याचे काय? याचे उत्तर कळमनुरीच्याच हिंगोली जिल्ह्यात सापडते. कयाधूच्या काठचे नरसी हे परंपरेने नामदेवांचे गाव. त्यांच्याइतका एकनिष्ठ भक्त वारकऱ्यांना दुसरा ठाऊक नाही. तरीही आख्यायिका अशी, की संतमेळ्यात मुक्ताबाईने तेरच्या गोरोबाकाकांना मडकी पारखायला सांगितली. गोरोबा कुंभार, हातात थापटणे. ते एकेकाच्या डोक्यावर थापटत गेले, बाकीचे गप्प बसले, नामदेव रागावले. निकाल लागला: हे मडके कच्चे. कच्चेपणा कळला तो रागावरून, हे विसरता कामा नये. नामदेवांना काय ठाऊक आहे हे गोरोबांनी विचारलेच नव्हते. गीतेतले पहिले लक्षणच थापटण्याने तपासले गेले.

राग हे लक्षण झाले, मूळ पुढे उलगडते. नामदेवांना औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे पाठवण्यात आले. पाहतात तो विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. पाय काढा म्हटल्यावर म्हातारा म्हणाला, जिथे पिंड नसेल तिथे तूच उचलून ठेव. पाय ठेवावा तिथे पिंड, अशी गत झाली. कथा खरी-खोटी करत बसण्यात हशील नाही, तिचा युक्तिवाद नेमका आहे. नामदेवांच्या ज्ञानात भर पडायची नव्हती. देव पंढरीत आहे हे बरोबरच. तो एवढ्यातच आहे, ही त्यांनी पदरची घातलेली भर होती. दहा देवांमागे धावणारा आणि एकालाच कुंपण घालणारा, दोघांची चूक एकच.

अद्वैत वेदान्ती अज्ञानाला नुसता ज्ञानाचा अभाव मानत नाहीत, ‘भावरूप’ म्हणतात, ते याच अर्थाने. ते खरे झाकते आणि त्या जागी भलतेच उभे करते. ज्ञानेश्वरांना मात्र ‘अमृतानुभवा’त एवढी मान्यताही जास्त वाटते. सातव्या प्रकरणात ते अज्ञानाचे खंडन करतात. अज्ञान आहे हे जाणायचे कशाने? ज्ञानाने म्हणावे, तर ज्ञान येताच ते उरत नाही. अज्ञानाने म्हणावे, तर ते कशालाच जाणत नाही. लगेच आठवे प्रकरण ज्ञानाच्याच खंडनाचे. अज्ञान घालवणारे म्हणून ज्याचे नाव ज्ञान, ते अज्ञान नसताना कोणाच्या आधारावर उभे राहणार? या टोकाला आले, की ‘अज्ञानी’ म्हणून दुसऱ्याकडे बोट दाखवणाऱ्याची ज्ञानीपणाची जागाही जाते.

विसोबांना गुरू केल्यावरही नामदेवांनी विठ्ठल सोडला नाही. मराठी अभंगांत पंढरी कायम राहिली. ते पंजाबात गेले, तिथल्या घुमान गावाशी त्यांचे नाव जोडले गेले आणि शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची पदे आली. त्यांतही विठ्ठलाचे नाव आहे, आणि तोच सर्वत्र भरलेला आहे असेही आहे.