रिपोर्ट नॉर्मल आहेत

‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, काळजीचं काही नाही.’ हे ऐकून माणसानं सुटकेचा श्वास टाकावा, अशी अपेक्षा असते. पण महिनोन्‌महिने अर्धशिशीनं बेजार झालेल्या बाईला त्यात वेगळंच ऐकू येतं: ‘तुम्हाला काही झालेलंच नाही.’ या दोन वाक्यांमधलं अंतर मला वैद्यकाइतकंच नीतीचंही वाटतं.

ते अंतर जुनं आहे. ‘हिस्टेरिया’ हा शब्दच गर्भाशयासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आला. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांनी १८६८ साली मल्टिपल स्क्लेरोसिसचं नेमकं वर्णन केलं. पुढे तिथंच ते हिस्टेरियाच्या स्त्री रुग्णांना व्याख्यानांत श्रोत्यांपुढे उभं करत. हा आजार पुरुषांनाही होतो, असं ते स्वतः सांगत. तरी शब्द चिकटला तो बायकांनाच.

त्यांचे शिष्य बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये एक साधी खूण दाखवून दिली. तळपायाच्या कडेनं बोथट वस्तू ओढल्यावर मोठ्या माणसाचा अंगठा वर उचलला गेला, तर मेंदू किंवा मज्जारज्जूतल्या मार्गाला इजा झालेली असते. खूण मोलाची आहे, आजही वापरतात. तरी मला तिच्यात एक बोच जाणवते: तोंडापेक्षा तळपायाची साक्ष अधिक ग्राह्य ठरली.

अशी खूणच नसेल तेव्हा काय? मायग्रेनचं निदान आजही मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यावरून होतं. एमआरआय सहसा नॉर्मल येतो. आणि बायकांमध्ये मायग्रेनचं प्रमाण पुरुषांच्या सुमारे तिप्पट. म्हणजे ज्या आजारात शब्द हाच पुरावा, तो आजार नेमका अशांना जास्त, ज्यांचा शब्द आधीच हलका धरला जातो. तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी २००७ च्या आपल्या पुस्तकात अशा प्रकाराला अन्याय म्हटलं आहे: ऐकणाऱ्याच्या पूर्वग्रहामुळे सांगणाऱ्याची विश्वासार्हता घटते, आणि जाणकार म्हणून तिच्यावर अन्याय होतो.

मग डॉक्टरांनी प्रत्येक शब्द प्रमाण मानायचा का? नाही. दुखण्याच्या कारणाबद्दल रुग्णाचा अंदाज चुकू शकतो. डॉक्टरांचाही चुकतो. लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ एलियट स्लेटर यांनी हिस्टेरियाचं निदान झालेल्या रुग्णांचा पाठपुरावा १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतल्या अनेकांना शारीरिक आजार असल्याचं निघालं. अशा चुका पुढे खूप घटल्या; २००५ च्या एका आढाव्यानुसार १९७० नंतरचं प्रमाण सुमारे ४ टक्के आहे. पण म्हणून प्रश्न मिटत नाही. उरलेल्या ९६ जणांचे लुळे हातपाय, त्यांचे झटके हेही सोंग नसतं. मेंदूच्या रचनेत बिघाड न दिसता त्याच्या कामात बिघाड होऊ शकतो.

म्हणून विश्वास ठेवणं म्हणजे कारण मान्य करणं नव्हे. कारणावर शंका घेणं हे डॉक्टरांचं कामच आहे. त्रासावर शंका घेणं हे नाही. आपल्याकडे तपासणीच्या खोलीत पुष्कळदा प्रश्न नवऱ्याला विचारला जातो, उत्तर सासू देते, आणि जिचं डोकं ठणकतंय ती गप्प असते. मग ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून चिठ्ठी हाती येते. तिथं यंत्र कमी पडत नाही, विचारणं कमी पडतं. ‘रिपोर्टमध्ये कारण दिसलं नाही, तुमचा त्रास मात्र आहे, तो कमी कसा करायचा ते बघू,’ एवढं म्हणायला पैसे लागत नाहीत. फक्त तिच्याकडे बघून बोलावं लागतं.